सोयाबीनच्या दाण्यातील अमिनो आम्लांची आनुवंशिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी, पैदास कार्यक्रमात नव्याने आलेले सहकारी आणि पशुआहाराशी संबंधित मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दाण्यात प्रथिन किती आहे आणि त्या प्रथिनाची घडण कशी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची जनुके काही ठिकाणी एकत्र चालतात आणि काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध. बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच धरल्याने होतो.

सोयाबीनमध्ये प्रथिन मुबलक असते. मग अमिनो आम्लांची वेगळी चर्चा कशासाठी?

कोरड्या दाण्याच्या वजनात साधारण ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल असते. इतके प्रथिन फार थोड्या पिकांत सापडते. पण खाल्लेले प्रथिन पचनात सुटे होते आणि त्यातून मिळालेल्या अमिनो आम्लांपासून शरीर आपली प्रथिने नव्याने बांधते. त्यासाठी वीस अमिनो आम्ले लागतात. त्यांतली नऊ माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत; त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. या नऊपैकी एक जरी कमी पडले तरी बाकीची भरपूर असूनही बांधकाम तिथेच अडते.

सोयाबीनच्या प्रथिनात लायसीन सुमारे ६ टक्के असते. तृणधान्यांत नेमके तेच कमी असते, म्हणून धान्य आणि सोयाबीन एकमेकांना पूरक ठरतात. उलट मिथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले सोयाबीनमध्ये तोकडी. दोन्ही मिळून प्रथिनाच्या जेमतेम ३ टक्के. मका आणि सोयापेंड यांवर वाढणाऱ्या कोंबड्यांना सर्वांत आधी मिथिओनीन कमी पडते आणि ते कारखान्यात बनवून खाद्यात मिसळावे लागते. दाण्यातच ते वाढले तर ही भर घालण्याची गरज कमी होईल. संशोधनाची मोठी प्रेरणा हीच आहे.

माणसाने सोयाबीन खाल्ले तर मिथिओनीनची कमतरता होते का?

प्रौढ माणसाची गंधकयुक्त अमिनो आम्लांची गरज झपाट्याने वाढणाऱ्या कोंबडीच्या पिलाइतकी नसते. पुरेसे प्रथिन खाणाऱ्या प्रौढाला सोयाबीनमधून ती भागते. मिथिओनीनची अडचण मुख्यतः पशुआहारातली आहे.

दाण्यात ही अमिनो आम्ले कुठे असतात?

पक्व दाण्यात सुट्या अवस्थेतली अमिनो आम्ले अगदी थोडी असतात. बाकी जवळपास सगळी प्रथिनांत बांधलेली. म्हणून दाण्याची अमिनो आम्ल घडण म्हणजे प्रत्यक्षात त्याने कोणती प्रथिने किती प्रमाणात साठवली याचा हिशेब.

साठवण प्रथिनांपैकी दोन महत्त्वाची: ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन. प्रयोगशाळेत त्यांना अनुक्रमे ११एस आणि ७एस म्हणतात. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ती किती लवकर तळाशी बसतात त्यावरून ही नावे पडली. दाण्याच्या एकूण प्रथिनापैकी साधारण ७० टक्के वाटा या दोघांचा असतो.

ग्लायसिनिनचा रेणू सहा घटकांचा. त्याची मुख्य जनुके पाच, जीवाय१ ते जीवाय५. त्यांतल्या पहिल्या तिघांपासून बनणाऱ्या घटकांत मिथिओनीन तुलनेने जास्त असते, उरलेल्या दोघांत कमी. बीटा-कॉन्ग्लायसिनिन अल्फा, अल्फा-प्राइम आणि बीटा अशा तीन प्रकारच्या घटकांपासून बनते आणि गंधकाच्या बाबतीत ते फारच गरीब आहे. त्याच्या पक्व बीटा घटकात मिथिओनीन नसतेच. त्यामुळे ११एस आणि ७एस यांचे गुणोत्तर बदलले की दाण्यातले गंधकयुक्त अमिनो आम्लांचे प्रमाणही बदलते. पैदासकार या गुणोत्तराकडे इतके लक्ष देतात ते यासाठी.

अमुक अमिनो आम्लाचे अमुक जनुक, असे एखादे असते का?

नसते. लायसीन वाढवणारे एकच जनुक शोधत बसणे व्यर्थ आहे. किमान चार टप्प्यांवर जनुकांचा हात लागतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. तो युरिड नावाच्या संयुगांच्या रूपात वर चढतो आणि झाडात त्याची अमिनो आम्ले होतात. पुढे मुख्यतः ग्लुटामीन आणि ॲस्पॅराजीन या रूपांत तो वाढत्या दाण्याकडे जातो, आणि ही ने-आण करणारी वाहक प्रथिने दुसऱ्या टप्प्यावर येतात. तिसऱ्या टप्प्यावर दाण्यातली विकरे (एन्झाइम) एका अमिनो आम्लापासून दुसरे बनवतात. शेवटी साठवण प्रथिनांची जनुके ठरवतात की हा माल कोणत्या प्रथिनात बांधला जाणार.

तिसऱ्या टप्प्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथली रचना फार सुंदर आहे. लायसीन, थ्रिओनीन आणि मिथिओनीन ही तिन्ही ॲस्पार्टिक आम्लापासून सुरू होणाऱ्या एकाच वाटेवर तयार होतात आणि पुढे फाटे फुटतात. लायसीन पुरेसे झाले की ते स्वतःच आपल्या फाट्यावरचे पहिले विकर थांबवते. थ्रिओनीन आणि मिथिओनीनच्या फाट्यावर दोन विकरे एकाच कच्च्या मालासाठी ओढाताण करतात. त्यामुळे एखाद्या जनुकाने लायसीन वाढवायला सुरुवात केली तर झाडाची स्वतःची यंत्रणाच त्याला लगाम घालते. सिस्टीनची वाट वेगळी: सेरीन या अमिनो आम्लाला गंधक जोडून ते बनते आणि मग मिथिओनीनला गंधक पुरवते.

त्यात सोयाबीनचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय संच, दोनदा दुप्पट झालेला आहे, सुमारे ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी. ‘विल्यम्स ८२’ या वाणाचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ४६ हजार जनुके मोजली गेली आणि त्यांतली जवळपास तीन-चतुर्थांश एकाहून अधिक प्रतींत आढळली. एक प्रत बिघडली तरी दुसरी तिचे काम बऱ्याच अंशी उचलते. एका जनुकातल्या बदलाचा परिणाम सोयाबीनमध्ये अनेकदा फिका पडतो तो यामुळेच.

मग जनुकांच्या नकाशावर काही ठळक जागा सापडल्या आहेत की नाहीत?

सापडल्या आहेत, आणि त्यांतली विसाव्या गुणसूत्रावरची जागा सर्वांत प्रसिद्ध आहे. लागवडीचे सोयाबीन आणि त्याचा जंगली पूर्वज ग्लायसिन सोया यांच्या संकरातून १९९२ साली ती प्रथम दिसली. जंगली पूर्वजाकडून आलेले रूप प्रथिन वाढवत होते आणि तेल घटवत होते. त्यानंतर वेगवेगळ्या संकरांत हीच जागा पुन्हा पुन्हा सापडत राहिली, पण नेमके जनुक हाती लागायला तीन दशके गेली.

२०२२ साली दोन स्वतंत्र गटांनी ते जनुक दाखवून दिले. एका गटाने त्याला पीओडब्ल्यूआर१ असे नाव दिले. जंगली रूपात ते अखंड आहे. लागवडीच्या बहुतेक वाणांत त्याच्यात ३२१ अक्षरांचा एक फिरता डीएनए तुकडा घुसून बसला आहे. हा तुकडा आल्याने दाणा जड झाला, तेल वाढले आणि प्रथिन घटले. हजारो वर्षांपूर्वी माणसाने मोठे दाणे निवडले, तेव्हा त्यांच्याबरोबर कमी प्रथिनाचे हे रूपही नकळत निवडले गेले. वनस्पतींच्या माणसाळण्याचा इतका स्पष्ट पुरावा एका जनुकात सापडावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

पंधराव्या गुणसूत्रावर साखर वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक आहे. तेही तेल आणि प्रथिनाचा तोल बदलते. पण लक्षात घ्या, या दोन्ही जागा मुळात प्रथिनाच्या प्रमाणाशी निगडित आहेत, त्याच्या घडणीशी नव्हे. घडणीवर असर करणाऱ्या जागा संख्येने पुष्कळ आणि परिणामाने लहान आहेत. शिवाय एका संकरात सापडलेली जागा दुसऱ्या संकरात दिसेलच याची खात्री नसते.

जास्त प्रथिनाचा वाण घेतला की अमिनो आम्लेही सुधारतील ना?

इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. प्रथिन वाढले की दर किलो दाण्यामागे जवळजवळ सगळीच अमिनो आम्ले वाढतात, यात शंका नाही. पण वाढ सारखी नसते. जास्त प्रथिनाच्या दाण्यांत आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्लाचा वाटा चढतो. लायसीन, थ्रिओनीन, मिथिओनीन, सिस्टीन आणि ट्रिप्टोफॅन यांचा प्रथिनातला वाटा मात्र उतरतो. म्हणजे प्रथिन जास्त, पण त्याचा दर्जा किंचित खाली.

दाण्याला जादा नत्र मिळाला की तो नत्र सोयीने साठवता येईल अशा रूपात जातो. आर्जिनिनच्या एका रेणूत नत्राचे चार अणू असतात, त्यामुळे नत्र साठवायला ते सोयीचे. गंधकाचा पुरवठा मात्र नत्राच्या प्रमाणात वाढलेला नसतो. अशा वेळी दाणा गंधक कमी लागणारी प्रथिने, विशेषतः ७एसचा बीटा घटक, जास्त बांधतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे. काही थंड, उंच अक्षांशांच्या प्रदेशांत सोयाबीनचे प्रथिन कमी भरते, पण त्या प्रथिनात आवश्यक अमिनो आम्लांचा वाटा चांगला असतो. फक्त प्रथिनाच्या आकड्यावर मोल ठरवले तर अशा दाण्यावर अन्याय होतो.

वेगवेगळ्या शोधनिबंधांतले आकडे जुळत का नाहीत?

पहिले कारण एककाचे. कुणी अमिनो आम्ल दाण्याच्या वजनाच्या टक्क्यांत देतो, कुणी प्रथिनाच्या टक्क्यांत. वर सांगितल्याप्रमाणे ही दोन मोजमापे कधी कधी उलट दिशेने जातात. एकाच वाणांच्या संचात पहिल्या एककाने सापडलेली जनुकीय जागा दुसऱ्या एककाने गायब होऊ शकते. शोधनिबंध वाचताना मी सर्वांत आधी तक्त्याखालचे एकक बघते, निष्कर्ष नंतर.

दुसरे कारण मोजण्याच्या पद्धतीचे. नेहमीच्या पद्धतीत दाण्याचे पीठ तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सियसला सुमारे २४ तास तापवतात, म्हणजे प्रथिनाचे दुवे तुटतात. त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होते. ॲस्पॅराजीनचे ॲस्पार्टिक आम्ल आणि ग्लुटामीनचे ग्लुटामिक आम्ल होते, त्यामुळे या जोड्या वेगळ्या सांगताच येत नाहीत. मिथिओनीन आणि सिस्टीनही बिघडतात. ती विश्वासाने मोजायची तर आधी परफॉर्मिक आम्लाने त्यांना स्थिर रूपात आणावे लागते. ज्या दोन अमिनो आम्लांसाठी हा सगळा खटाटोप, तीच मोजायला सर्वांत अवघड!

हजारो नमुने झटपट तपासायचे असतील तर अवरक्त किरणांच्या यंत्राने दाणा न फोडता अंदाज घेतात. एकूण प्रथिनासाठी हे यंत्र उत्तम. मिथिओनीनसारख्या अल्प प्रमाणातल्या अमिनो आम्लासाठी त्याचा अंदाज बराचसा प्रथिनाच्या आकड्यावरच टेकलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एक बारकावा. ‘प्रथिन’ म्हणून छापलेला आकडा बहुधा नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. सोयाबीनसाठी ५.७१ हा गुणकही वापरतात. दोन निबंधांनी वेगळे गुणक वापरले तर प्रथिनाचे आकडे आपोआप वेगळे येतील.

हवामान आणि जमिनीचा वाटा किती? सगळे जनुकांवरच अवलंबून आहे का?

वाटा मोठा आहे. गंधकाची टंचाई असली की ७एसचा बीटा घटक वाढतो आणि ग्लायसिनिन घटते. याचा सुबक पुरावा १९८० च्या दशकातल्या प्रयोगांतून मिळाला: कोवळी बीजपत्रे झाडावरून काढून मिथिओनीन घातलेल्या द्रावात वाढवली, तर त्यांत बीटा घटक तयारच झाला नाही. म्हणजे त्याचे जनुक दाण्यातल्या गंधकाच्या स्थितीकडे बघून काम करते. तापमान, दाणे भरतानाचा पाण्याचा ताण आणि गाठींचे आरोग्य यांचाही परिणाम होतो. म्हणून एका ठिकाणच्या एका हंगामाच्या आकड्यांवर वाण निवडू नये.

दाण्याचा जनुकीय संच झाडाचा की पुढच्या पिढीचा?

पुढच्या पिढीचा. सोयाबीनच्या दाण्यात बहुतेक वजन भ्रूणाच्या दोन बीजपत्रांचे असते आणि भ्रूण ही नवी पिढी आहे. दोन वाणांचा संकर केला की मादी झाडावरच्या शेंगेतला दाणा पहिल्या संकरित पिढीचा असतो. तो पेरून आलेल्या झाडावरचे दाणे दुसऱ्या पिढीचे, आणि एकाच शेंगेतले दाणेही एकमेकांपासून जनुकीयदृष्ट्या वेगळे असू शकतात.

पण त्या भ्रूणाला नत्र, गंधक आणि साखर पुरवते ती आई. त्यामुळे आईच्या जनुकांचा प्रभाव दाण्याच्या रासायनिक घडणीत स्पष्ट दिसतो. तो ओळखायचा तर मादी आणि नर वाण अदलाबदल करून दोन्ही बाजूंनी संकर करतात आणि निकाल ताडून पाहतात.

ट्रिप्सिन रोधक काढून टाकले तर दर्जा सुधारतो का?

पचनाच्या बाजूने नक्की सुधारतो. कच्चे सोयाबीन खाऊन उंदीर नीट वाढत नाहीत आणि तापवलेल्या सोयाबीनवर वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच दाखवले होते. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे पचनातल्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी प्रथिने. त्यांतल्या कुनिट्झ रोधकाचा अभाव असलेले नमुने जनुकसंग्रहात सापडले. हा अभाव एका अप्रभावी जनुकरूपाने येतो, हे १९७९ साली सिद्ध झाले आणि त्यावर पुढे पैदासही झाली.

मात्र बोमन-बर्क या दुसऱ्या रोधकापाशी पेच आहे. हे छोटे प्रथिन फक्त ७१ अमिनो आम्लांचे, आणि त्यांतली तब्बल १४ सिस्टीन! ते काढले तर दाण्यातल्या गंधकाचा एक चांगला साठाच जातो. उलट, सिस्टीन बनवणारे विकर वाढवलेल्या सोयाबीनमध्ये बांधलेले सिस्टीन लक्षणीय वाढले, पण त्याबरोबर बोमन-बर्क रोधकही वाढला. गंधक वाढवायचे आणि ते पोषक प्रथिनातच जाईल असे बघायचे, ही दोन कामे एकाच वेळी साधावी लागतात.

७एस प्रथिन पूर्ण बंद केले तर काय होते?

मला या विषयातला हा सर्वांत शिकवणारा प्रयोग वाटतो. ७एसचे घटक बंद केले की दाण्याचे प्रथिन कमी होईल अशी अपेक्षा असते. तसे होत नाही. ग्लायसिनिन वाढते आणि एकूण प्रथिन जवळपास तेवढेच राहते. पुढे ७एस आणि ११एस दोन्ही दाबून पाहिले. तरीही दाण्याने दुसरी प्रथिने वाढवून एकूण साठा टिकवला. किती प्रथिन साठवायचे हे दाणा एका पातळीवर ठरवतो, आणि ते कोणत्या रूपात साठवायचे हे दुसऱ्या पातळीवर. सुरुवातीला सांगितलेला भेद दाण्याच्या आतच असा उघड दिसतो.

निसर्गानेही हा प्रयोग केलेला आहे. जपानमध्ये सापडलेल्या क्यूटी२ नावाच्या जंगली सोयाबीनमध्ये ७एस प्रथिन जवळजवळ नाही. तिथल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की हे एकाच प्रभावी जनुकामुळे घडते. त्या जागी ७एसच्या जनुकांच्या प्रती उलट-सुलट जुळून बसल्या आहेत. त्यांपासून बनणारा आरएनए बाकीच्या ७एस जनुकांचा आवाज बंद करतो. अशी झाडे निरोगी वाढतात. ७एस कमी आणि ११एस जास्त असलेले वाण पारंपरिक संकरानेही घडवता येतात ते याच आधारावर.

दुसऱ्या वनस्पतीचे मिथिओनीनयुक्त प्रथिन सोयाबीनमध्ये घालता येत नाही का?

घालून पाहिले आहे. ब्राझील नटमध्ये मिथिओनीनने समृद्ध असे एक प्रथिन आहे. त्याचे जनुक सोयाबीनमध्ये घातले आणि मिथिओनीन वाढलेही. पण ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे याच प्रथिनाला चिकटतात, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तो सोयाबीन बाजारात आलाच नाही. सुरक्षेची तपासणी आधी करण्याचे महत्त्व या उदाहरणाइतके दुसऱ्या कशाने पटत नाही. मक्यातल्या मिथिओनीनयुक्त प्रथिनांची जनुकेही वापरून झाली. वाढ झाली, पण माफक.

लायसीनच्या बाबतीत १९९५ साली जिवाणूंची अशी विकरे वापरली, जी लायसीन साठले तरी थांबत नाहीत. सोयाबीनमध्ये सुटे लायसीन शेकडो पटींनी वाढले आणि एकूण लायसीन पाच पटींपर्यंत गेले. झाडाचा लगाम कुठे असतो हे या प्रयोगाने नेमके दाखवले.

जनुक संपादनाने आता हे सोपे झाले आहे का?

एखादे प्रथिन बंद करणे नक्कीच सोपे झाले आहे. कुनिट्झ रोधकाची जनुके क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राने बंद केलेली सोयाबीन तयार झाली आहेत. पण मिथिओनीन वाढवायचे म्हणजे अनेक लहान परिणामांची जनुके योग्य दिशेने एकत्र आणायची, आणि तिथे जीनोमवर आधारित निवड, म्हणजे जीनोमभरच्या खुणा एकत्र पाहून केलेली निवड, जास्त कामाची. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या संग्रहातील जवळपास २० हजार नमुन्यांचे पन्नास हजार जनुकीय खुणांसाठी वाचन झालेले आहे. असा साठा हाताशी असला की पेरण्याआधीच कोणते नमुने तपासायचे हे ठरवता येते.

सोयाबीन जवळजवळ पूर्णपणे स्वपरागित असल्याने त्याच्या गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे एकत्रच वारशाने येतात. खूण सापडली तरी तिच्या आजूबाजूच्या कितीतरी जनुकांपैकी कोणते खरे, हे ठरवायला वेळ लागतो.

नव्याने काम सुरू करायचे असेल तर पहिल्यांदा काय मोजावे?

एकूण प्रथिन, तेल, आणि ११एस व ७एस यांचे गुणोत्तर. प्रथिनांचे घटक जेलवर वेगळे करून हे गुणोत्तर काढता येते आणि त्याला संपूर्ण अमिनो आम्ल विश्लेषणाइतका खर्च येत नाही. त्यातून निवडलेल्या मोजक्या ओळींचे (पैदाशीतल्या वेगवेगळ्या वंशांचे) मिथिओनीन आणि सिस्टीन परफॉर्मिक आम्लाच्या पद्धतीने मोजा. आकडे दाण्याच्या वजनामागे आणि प्रथिनामागे अशा दोन्ही एककांत लिहा. प्रत्येक ओळ किमान दोन ठिकाणी पेरा आणि जमिनीतले गंधक तपासून नोंदवा. उत्पादनही त्याच प्लॉटमधून मोजा, कारण जास्त प्रथिन आणि जास्त उत्पादन यांचे सहसा जमत नाही. प्रथिनाच्या ओढीने उत्पादन घटलेली ओळ पुढे कुणी पेरत नाही.